सातव्याशिवाय जेवण

जरा माझ्याबरोबर एक टेबल मांडू लाग. चांगलं लांब, देवदाराच्या लाकडाचं, हेरन बे गावातल्या रेंडलांच्या घरातलं. तुझी खुर्ची अगदी खालच्या टोकाला, दाराशेजारी. पाय जमिनीला टेकत नाहीत. वरच्या टोकाला आजोबा बसलेत, सुरीने मांस कापताहेत. त्यांना मीठ हवंय आणि मीठ आहे तुझ्यासमोर. तू काय करशील? शेजारच्याकडे देशील, तो त्याच्या शेजारच्याकडे देईल, आणि मीठ हातोहात वर पोचेल. कुठल्याही घरात असंच होतं.

रेंडलांच्या घरात नाही होत. त्या घरात पदार्थ वरून खाली येतो, खालून वर जात नाही.

याचं कारण बर्फावर होतं. आमची हॉकी बर्फावरची, चेंडूऐवजी रबरी चकतीची, आणि त्या काळी तिच्यात पुढच्या गड्याला चकती द्यायला बंदी होती. बाजूच्याला द्या, मागच्याला द्या. पुढे न्यायची असेल तर स्वतः घेऊन पळा. मॅग्नस रेंडल हे संघाचे मालक. त्यांचं म्हणणं असं, की बर्फावर एक नियम आणि घरात दुसरा असला, की माणूस नेमक्या वेळी गोंधळतो. म्हणून टेबलावरही पुढे द्यायला बंदी. पुढे म्हणजे मॅग्नसच्या दिशेने. मीठ वर न्यायचं असेल तर कुणीतरी उठून, वाटी हातात धरून, चालत न्यायचं.

हे कोण करत असे, ते सांगतो. संघात सात जण असत. एक गोलरक्षक, दोन बचावाला, तीन चढाईला, आणि सातवा तो रोव्हर. रोव्हरला ठरलेली जागा नसते. जिथे माणूस कमी तिथे तो. हेरन बेचा रोव्हर होता ल्युसियन, मॅग्नसचा जावई. क्युबेकहून हॉकी खेळायच्या पगारावर आला आणि मालकाच्या मुलीशी, थोराशी, लग्न करून बसला. टेबलावरही तोच रोव्हर. मीठ वर, लोणी वर, चहाची किटली वर. इतक्या सहज करायचा, की ते कुणाच्या लक्षातही येत नसे.

आणि खालच्या टोकाला, दाराशेजारी, ती तुझी खुर्ची म्हणालो ना, ती खरं म्हणजे त्याच्या मुलीची. सुनिवा तिचं नाव. वय आठ.

आता त्या मार्चमधलं संकट. पूर्वेकडच्या मंडळींनी सातवा गडी काढून टाकला होता. सहाच पुरे म्हणाले. त्यांचा एक संघ डोंगर ओलांडून आमच्याकडे खेळायला आला तेव्हा भांडण लागलं: सात की सहा? तोड निघाली ती अशी, की एक सामना सातांचा, एक सहांचा. सातांचे दोन आम्ही जिंकलो, सहांचे दोन ते जिंकले, आणि दोन्ही संघ आपणच मालिका जिंकली असं समजून आनंदाने वेगळे झाले.

त्या दिवसांत मॅग्नसनी घरातही तसंच चालवलं. "सहांना सहांची सवय हवी," म्हणाले. सातांच्या दिवशी ल्युसियन टेबलावर, सहांच्या दिवशी स्वयंपाकघरात. ल्युसियन एक दिवसाआड घरचा माणूस झाला.

आणि आता आमच्या किनाऱ्यावरची पाच गावं मिळून कायमचं ठरवणार होती. दोन गावं म्हणाली सात, दोन म्हणाली सहा. उरले मॅग्नस. शनिवारी दुपारी एक वाजता संघटनेचे चिटणीस फोन करणार आणि मॅग्नसनी एकच आकडा सांगायचा. फोन कुणी उचलला नाही तर हेरन बे गैरहजर, आणि मग सहा. सहा झालं तर रोव्हरचं काम संपलं. क्युबेकचा एक संघ ल्युसियनला मधल्या जागेवर घ्यायला तयार होता. म्हणजे ल्युसियन, थोरा आणि सुनिवा गाडीत बसून देशाच्या दुसऱ्या टोकाला.

"मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय मत देत नाही," मॅग्नस शनिवारी सकाळीच म्हणाले. "आज सहा जणांत जेवू. नीट जेवलो, तर सहा. अडलं, तर सात. जेवण संपेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही."

"आणि ठरवणार कोण, अडलं की नाही ते?" इझबेल आत्यांनी विचारलं. मॅग्नसची ही थोरली बहीण, सत्तरी उलटलेली, डाव्या कानाने बहिरी.

"तू पंच."

"मग मला घंटा लागेल," आत्या म्हणाल्या. बर्फावर पंचाच्या हातात घंटा असे. रिंकमधली, म्हणजे आमच्या बर्फाच्या मैदानावरची, पितळी घंटा आली.

*

तर बसले सहा जण. वरच्या टोकाला मॅग्नस. त्यांच्या डावीकडे इझबेल आत्या, मग थोरा. उजवीकडे मॅग्नसचा मुलगा गॅव्हिन, मग त्याची बायको हेन्रिएटा. खाली सुनिवा. बसले म्हणालो, पण गॅव्हिन उभा होता. तो गोलरक्षक, आणि गोलरक्षकाने खाली बसलं, गुडघे टेकले, वाकून पडलं, तर शिक्षा होई. त्यामुळे हंगाम सुरू झाला की गॅव्हिन उभ्यानेच जेवे. चार हिवाळे असंच चाललं होतं. त्याचं ताट एका लाकडी खोक्यावर ठेवलेलं असे.

ल्युसियन आत, स्वयंपाकघरात. मधल्या भिंतीतल्या छोट्या खिडकीचं झडप उघडं होतं आणि त्यातून त्याची शीळ ऐकू येत होती.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. किनाऱ्यावर बर्फ कधी पडायचं नाही. रिंकसाठी मॅग्नस यंत्राने बर्फ करत, आणि ते यंत्र वाफेवर चाले, म्हणून थंडी पैदा करायला दिवसभर ओंडके जाळत. गावाने याची केव्हाच सवय करून घेतली होती. धुराड्यातून धूर निघाला की लोक म्हणत, "चला, गोठतंय."

प्रार्थना झाली. आत्यांनी घंटा वाजवली. मॅग्नसनी कापलेलं मांस खाली सोडलं. पाठोपाठ बटाटे, सलगम आणि ग्रेव्हीचं भांडं. सगळं सुरळीत खाली गेलं.

"बघितलंत?" हेन्रिएटा म्हणाली. "किती शांत वाटतंय. कुणी मागून येत नाही, कुणी डोक्यावरून हात घालत नाही."

"मला नाही वाटत शांत," थोरा म्हणाली.

"तुला कसं वाटेल, थोरा. तुझा नवरा ना तो."

हेन्रिएटाच्या मनात दुसरंच होतं. थोराची खोली दक्षिणेकडची होती. या गावात वर्षातले जेवढे दिवस ऊन पडतं, ते सगळं त्या खोलीत पडतं. पडदे कुठले लावायचे तेही हेन्रिएटाने ठरवून ठेवलं होतं. गॅव्हिनलाही सहाच हवे होते. ल्युसियन धावत आला की प्रेक्षक उभे राहत. गॅव्हिनने तीन चकत्या अडवल्या तरी कुणी शेंगा खायचे थांबत नसे.

एवढ्यात मॅग्नसच्या लक्षात आलं, की आपण सगळ्यांना ग्रेव्ही पाठवली आणि स्वतः घेतलीच नाही. ल्युसियन आल्यापासून त्यांना आधी घ्यायची सवयच राहिली नव्हती. भांडं आपोआप परत यायचं. आता ते सुनिवासमोर होतं. मॅग्नसच्या ताटात मांस कोरडं पडलं होतं.

सुनिवाने त्यांच्याकडे पाहिलं. "आजोबा, मी आणू?"

"जागेवर बस."

"मग आईकडे देऊ?"

"पुढे देतेस?" मॅग्नस म्हणाले, आणि सुनिवाने हात मागे घेतला.

"अडलं," थोरा लगेच म्हणाली. "आत्या, अडलं की नाही?"

"काही अडलं नाही," मॅग्नस म्हणाले. "मला कोरडं आवडतं." त्यांनी एक घास तोंडात घातला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

*

मग खिडकी उघडली. हेन्रिएटाच्या पाठीमागची. तिची कडी सैल होती आणि वारा आला की उघडायची. रोज जेवताना ती दोनदा तरी उघडे, आणि रोज कुणीतरी बंद करे. पावसाचा शिडकावा हेन्रिएटाच्या मानेवर आला.

"गॅव्हिन, खिडकी लाव ना."

गॅव्हिनने एक पाऊल उचललं. घंटा घणघणली.

"गोलरक्षकाने जागा सोडली," आत्या म्हणाल्या. "कोपऱ्यात उभा राहा. दोन मिनिटं."

"आत्या, तुम्ही तर आमच्या बाजूच्या," थोरा कुजबुजली.

"काय?"

"तुम्ही सातांच्या बाजूच्या आहात ना?"

"त्या कानात बोलू नकोस. मी पंच आहे."

इझबेल आत्या सकाळपर्यंत खरंच सातांच्या बाजूच्या होत्या. ल्युसियन त्यांच्या बहिऱ्या बाजूला बसे आणि कोण काय बोललं ते सांगे. कधीकधी बोलणाऱ्यापेक्षा चांगलं करून सांगे. पण आज त्यांच्या हातात घंटा होती. आयुष्यभर त्या बोलत आल्या आणि लोक जेवत राहिले. आज त्यांनी मनगट हलवलं की धाकटा, थोरला, जो असेल तो थिजत होता. सातवा परत आला तर सगळं पुन्हा सुरळीत होणार आणि घंटा रिंकमध्ये परत जाणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी घंटा मांडीवर घेतली.

"मला वाटतं, सहा बरे," त्या म्हणाल्या. "सहांना शिस्त लागते."

थोराने काटा खाली ठेवला. शिक्षा भोगून आलेल्या गॅव्हिनने मात्र आपला काटा उचलायला हात घातला आणि तो खोक्यावरून घसरून जमिनीवर पडला.

सगळ्यांनी काट्याकडे पाहिलं. तो गॅव्हिनच्या पायाशी, बुटापासून वीतभर अंतरावर होता.

"हेन्रिएटा," गॅव्हिन म्हणाला.

"माझी जागा इथे आहे. आणि मी भिजतेय."

"नुसता हात खाली घाल."

घंटा किंचित किणकिणली. हेन्रिएटाने हात परत वर घेतला. गॅव्हिनने गुडघा जरासा वाकवून पाहिला, आत्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि पुन्हा सरळ उभा राहिला. समोर वाफाळता बटाटा. त्याला आठवलं, की गेले चार हिवाळे त्याचा काटा पडतच होता. उभ्याने जेवणाऱ्याचा पडतोच. पण कधी वाकावं लागलं नव्हतं. तो पडायचा आणि कुठूनतरी दुसरा हातात यायचा. कुठून, ते त्याने कधी बघितलं नव्हतं. बर्फावरही असंच होतं, हे त्याला पुढच्या क्षणी कळलं. त्याच्या पायाशी पडलेल्या चकत्या नाहीशा व्हायच्या. तो समजत होता की आपला दरारा.

"बाबा," गॅव्हिन म्हणाला, "माझं मत सात."

"काय म्हणालास?" हेन्रिएटा वळली.

"सात."

"एका काट्यासाठी?"

"काटा नाही गं. माझ्या पायाशी कोण असतं ते आज कळलं."

"आणि दक्षिणेची खोली?"

हे मोठ्याने निघून गेलं.  स्वयंपाकघरातली शीळ थांबली.

"कुठली खोली, वहिनी?" थोराने विचारलं.

"मी आपलं म्हटलं, रिकामी पडेल ना."

"घ्या ना," थोरा म्हणाली. "पडदे धुऊन ठेवते."

हेन्रिएटाला हे अपेक्षित नव्हतं.

"खरंच सांगते," थोरा म्हणाली. ती आता मॅग्नसकडे बघत होती. "बाबा, मलाही सहाच चालतील. सकाळपासून सात सात करतेय, पण कशासाठी? मला एक दिवसाआड नवरा मिळतो. सातांच्या दिवशी शेजारी बसतो, सहांच्या दिवशी त्या झडपातून त्याचं कपाळ दिसतं. परवा सुनिवाने विचारलं, 'आई, आज पप्पा आपल्यात आहेत का?' पोरीने रोज सकाळी हे विचारायचं? क्युबेकात तो मधला गडी होईल. साधी जागा, पण रोज तीच. मला ती हवी."

"तू तर नेहमी म्हणायचीस, इथून हलणार नाही," मॅग्नस म्हणाले.

"तेव्हा ल्युसियनची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली नव्हती, बाबा."

 हेन्रिएटाच्या मानेवर पाऊस पडत होता आणि डोक्यात चक्र फिरत होतं. थोरा गेली, की रविवारच्या गायनवर्गाची पेटी कोण वाजवणार? थोरा वाजवे. आत्यांच्या उजव्या कानात रोज रात्री वर्तमानपत्र कोण वाचणार? थोरा वाचे, मृत्यूच्या बातम्यांसकट. सासऱ्यांचे गरम लोकरीचे मोजे, जे रिंकवरून आल्यावर उभे राहत, ते कोण धुणार? आणि या घरात नणंद-भावजय मिळून दोघीच. एक गेली की उरलेली एक म्हणजे सगळं. ऊन ठीक आहे, पण खोलीत बसायला वेळ तर हवा.

"मी काय म्हणते," ती सावकाश म्हणाली, "सात जणांची या गावाला सवय आहे."

गॅव्हिनने बायकोकडे पाहिलं. "आत्ता तर शांत वाटत होतं तुला."

"तू बटाटा खा."

"कशाने खाऊ?"

आता बघ हं, कोण कुठे होतं. सहा हवे होते ते गॅव्हिन आणि हेन्रिएटा आता सातांकडे. सात हवे होते त्या आत्या आणि थोरा आता सहांकडे. पुन्हा दोन आणि दोन. मॅग्नस मधोमध, तोंडात अजून तोच घास.

मॅग्नसना वाईट वाटत होतं, पण ते कशाबद्दल हे नेमकं सांगता आलं नसतं. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट जपली: सगळ्यांना एकच नियम. जावयालाही तोच, मुलालाही तोच. ल्युसियनला स्वयंपाकघरात पाठवलं ते राग म्हणून नाही, उलट मुलाला उभं ठेवतो तसं जावयाला आत बसवतो, म्हणजे दोघांना सारखंच, असा त्यांचा हिशोब. तो हिशोब त्यांना अजूनही बरोबर वाटत होता. फक्त टेबलाकडे पाहिलं की चुकलेला दिसत होता. भिजलेली सून, काट्याविना मुलगा, निघून जायला तयार झालेली मुलगी. आणि ग्रेव्हीवर साय धरली होती.

त्यांनी घास गिळला. आणि दिवाणखान्यात फोन वाजला.

*

दिवाणखाना म्हणजे सुनिवाच्या पाठीमागच्या दाराबाहेर. फोन भिंतीवर. गावाची तार एकच, खूण मात्र घराघराची वेगळी: दोन लांब, एक आखूड, म्हणजे रेंडलांचाच.

कुणी हललं नाही.

"फोन," हेन्रिएटा म्हणाली.

"ऐकू येतंय," मॅग्नस म्हणाले. "कुणाचं काम आहे ते?"

इथे सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. फोन ल्युसियन घेत असे.

"बाबा, उचला," गॅव्हिन म्हणाला. "नाहीतर सहा होईल."

मॅग्नस खुर्चीचे हात धरून अर्धे उठले. घंटा वाजली.

"इझबेल, चिटणीसांचा फोन आहे."

"जेवण संपलेलं नाही," आत्या म्हणाल्या. "तुझाच नियम. उठलास तर दोन मिनिटं कोपऱ्यात."

मॅग्नस खाली बसले. स्वतःचा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता, आणि आत्यांना ते चांगलं माहीत होतं. दोन लांब, एक आखूड. स्वयंपाकघरातून ल्युसियनचा आवाज आला. "मी घेऊ का?"

"तू आज नाहीस," मॅग्नस म्हणाले.

"बरं."

तेव्हा सुनिवा खुर्चीवरून उतरली. घंटा वाजली. सुनिवाने आत्यांकडे पाहिलं.

"आत्याआजी, मी पुढे नाही जात. मागे जातेय. मागे जायला बंदी आहे का?"

आत्यांनी विचार केला. घंटा हवेत धरून, मान तिरकी करून, प्रामाणिकपणे विचार केला. "मागे जायला नाही," त्या म्हणाल्या.

सुनिवा दारातून बाहेर गेली, फोनखालच्या स्टुलावर चढली आणि रिसीव्हर कानाला लावला. दार उघडं होतं. टेबलावरून तिची पाठ दिसत होती.

"हॅलो. हो, रेंडलांचंच घर. नाही, ते जेवताहेत. उठता येत नाही त्यांना." ती वळली. "आजोबा, ते म्हणताहेत, सात की सहा? लगेच सांगा म्हणे, बाकीचे लोक थांबलेत."

"सात," गॅव्हिन म्हणाला.

"सहा सांग," आत्या म्हणाल्या.

"सात, बाळा," हेन्रिएटा म्हणाली.

 थोरा फक्त वडिलांकडे बघत होती.

मॅग्नसनी हात वर केला तेव्हा सगळे गप्प झाले. "मी आजवर सामन्यात कधी बाकावरून ओरडलोय?" त्यांनी विचारलं. "ज्याच्याजवळ चकती असेल, त्याने ठरवायचं. मालकाने बाहेरून सांगायचं नाही. म्हणून तर आपण जिंकतो." ते थांबले. थकल्यासारखे दिसत होते. "सुनिवा, चकती तुझ्याजवळ आहे. तू बघ."

"बाबा, ती आठ वर्षांची आहे," थोरा म्हणाली.

"बर्फाला वय कळत नाही."

सुनिवा स्टुलावर उभी राहिली. तिला आपण काय सांगावं ते माहीत नव्हतं. इथून जायचं नव्हतं, पण आईचा चेहरा तिने पाहिला होता. मग तिच्या मनात आलं, की सकाळपासून या घरात सगळ्यांना सगळं विचारून झालं, आणि एका माणसाला कुणीच काही विचारलं नाही.

"थांबा हं," ती फोनमध्ये म्हणाली. रिसीव्हर दोरीला लोंबता सोडला, स्टुलावरून उतरली, आणि जेवणघरात न येता बाहेरच्या बाजूने स्वयंपाकघराच्या दारात गेली. झडपातून सगळ्यांना ऐकू येत होतं.

"पप्पा, तुला काय हवंय? सात की सहा?"

ल्युसियन पावाने ताट पुसत असावा. 

"मला विचारतेस?"

"हो. लवकर सांग, ते थांबलेत."

"सहात खेळायला जमेल मला," ल्युसियन म्हणाला. "पण सातवा असण्यात जी मजा आहे ती कशात नाही गं. कुणाचं काय अडलंय ते तुला आधी दिसतं. मला सातवाच राहायला आवडेल." मग जरा हळू म्हणाला, "पण रोज. एक दिवसाआड नको."

टेबलावर थोराने डोळ्यांना रुमाल लावला. मॅग्नसनी ताटातल्या कोरड्या मांसाकडे पाहिलं आणि ते बराच वेळ बघतच राहिले. आत्यांची घंटा मांडीवर आडवी पडली होती.

सुनिवाची पावलं परत गेली. स्टूल करकरलं. लोंबता रिसीव्हर तिने दोन्ही हातांनी धरला, टाचा उंच केल्या आणि तोंड फोनच्या अगदी जवळ नेलं.

"हेरन बे सात म्हणतंय," ती म्हणाली. "आणि रोज."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ती ऐकत थांबली.

"रोज म्हणजे रोज," सुनिवा म्हणाली, आणि तिने फोन ठेवून दिला.